विश्लेषण : ५० हजार बाळंतपणे करणाऱ्या डॉ. लिन चियाओझी कोण होत्या?

चीनमधील आधुनिक स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. लिन चियाओझी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्या हातून ५० हजारांहून अधिक बाळंतपणे झाली. स्वतः मात्र त्या अविवाहित राहिल्या.

डॉक्टर होण्याचा निर्णय कशामुळे?

लिन यांचा जन्म २३ डिसेंबर १९०१ रोजी शियामेनजवळच्या गुलांग्यू बेटावर झाला. त्या पाच वर्षांच्या असताना आईचे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाले. १९२१ मध्ये त्यांनी पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली. इंग्रजीच्या पेपरला एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावरताना लिन यांचा स्वतःचा पेपर अपुरा राहिला, तरीही त्यांची निवड झाली, असे सांगितले जाते. १९२९ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच संस्थेच्या रुग्णालयात रुजू झाल्या.

लग्न का केले नाही?

त्या काळी तिथे महिला डॉक्टरांसाठी अट कडक होती. लग्न केले तर नोकरी सोडायची. पुरुष डॉक्टरांना असे काही बंधन नव्हते. लिन यांनी नोकरी निवडली. पुढे मँचेस्टर, लंडन, व्हिएन्ना आणि शिकागो येथे त्यांनी अनुभव घेतला.

युद्धकाळात काय केले?

जपानी सैन्याने १९४२ मध्ये रुग्णालय बंद पाडले. लिन यांनी बीजिंगमधील एका गल्लीत छोटा दवाखाना थाटला. फी अगदी कमी होती, गरिबांना तीही माफ होती. अडलेल्या बाईच्या घरी त्या स्वतः जात. या दवाखान्यातील ८,८८७ रुग्णांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. १९४८ मध्ये त्या विभागप्रमुख म्हणून जुन्या रुग्णालयात परतल्या.

वैद्यकीय योगदान काय?

आईचा जीव घेणारा कर्करोग वेळीच सापडावा, यासाठी १९५८ पासून बीजिंगमध्ये महिलांच्या सामूहिक तपासणीची मोहीम त्यांनी हाती घेतली. १९६२ मध्ये एका दाम्पत्याने त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांची आधीची बाळे जन्मानंतर काविळीने दगावली होती. आई आणि बाळाचे रक्त न जुळल्याने बाळाच्या तांबड्या पेशी फुटत होत्या. लिन यांनी नवजात बाळाचे रक्त नाळेतून बदलले आणि बाळ वाचले. चीनमध्ये तोवर असा उपचार यशस्वी झाला नव्हता. त्याआधी १९५५ मध्ये चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या पहिल्या सदस्यांत निवड झालेल्या त्या एकमेव महिला होत्या.

अखेरची वर्षे कशी होती?

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचे पद गेले. रुग्णांची भांडी धुण्यासारखी कामे त्यांच्या वाट्याला आली, तीही त्यांनी केली. २२ एप्रिल १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची ३० हजार युआनची बचत त्यांनी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या पाळणाघराला दिली. ज्या संस्थेत एकेकाळी डॉक्टर बाईने आई होणे मान्य नव्हते, तिथेच ही रक्कम गेली.