यंत्रे सोडून पुंजयामिकीकडे

डॉ. होमी भाभा म्हटले की तुर्भ्याची अणुभट्टी आठवते. त्यांच्या विद्यार्थिदशेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यंत्र-अभियांत्रिकी शिकायला. शिकून यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. पण ते दिवसच निराळे होते! १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग व श्रोडिंजर यांनी पुंजयामिकीचा पाया घातला होता आणि केंब्रिजमध्ये पॉल डिरॅक तोच विषय शिकवीत होते. आपला जीव यंत्रांत रमत नाही, भौतिकशास्त्रच करायचे आहे, असे भाभांनी वडिलांना पत्राने कळविले. वडिलांनी अट घातली: आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवावा, मग गणितासाठी पुढचा खर्च करू. १९३० मध्ये तो वर्ग मिळाला, १९३२ मध्ये गणितातही. गंमत म्हणजे खुद्द डिरॅकही मूळचे विद्युत अभियंतेच!

आमच्या वाशीमकडे अशी अट घालण्याचीही अनेकांची ऐपत नसते. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. शास्त्र शाखेच्या शिकवण्यांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून कला शाखा घेतली. तेव्हा भाभांच्या घरी पैसा होता हे विसरून त्यांचे कौतुक करणे मला जमत नाही. मात्र पैशाच्या घरातही मुलाचे ऐकले जातेच असे नाही.

पुंजयामिकी म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी भौतिकशास्त्राच्या सरांकडे दोन दुपारी जाऊन बसले. फेकलेली गोटी कुठे पडेल ते नेमके सांगता येते. इलेक्ट्रॉनचे तसे नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच गणित सांगते. भाभांनी १९३५-३६ मध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित मांडले. दोघे एकमेकांना वळवून पुढे जातील, किंवा दोघेही नष्ट होऊन त्यांच्या ऊर्जेतून नवी जोडी जन्मेल. शेवटी हाती येतात ते तसेच दोन कण. मग यातले घडले काय? सरांच्या मते हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही. दोन्ही वाटांचे तरंग आधी एकत्र मिळवायचे आणि मगच शक्यता काढायची. वेगवेगळ्या शक्यता काढून बेरीज केली तर उत्तर चुकते. मी सरांना ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध सुरू झाले आणि ते बंगलोरला राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. मुंबईत तिचे काम सुरू झाले ते ज्या बंगल्यात ते जन्मले, त्याच्याच एका भागात. चित्रे काढणे त्यांनी कधी सोडले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून ते गेले. त्या टकरीला आज भाभा प्रकीर्णन म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळविणाऱ्या यंत्रांत एकूण टकरी किती होतात, याचे माप तिच्यावरूनच घेतले जाते.