अंधारात चमकणारे जीव : अँटनी व्हॅन लिवेनहूक



खिडकीतून कवडसा आला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. एरवी ते का दिसत नाहीत? हा प्रश्न मुलांना नक्की विचारा. मग ही गोष्ट सांगा.

अँटनी व्हॅन लिवेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे झाला. वडील टोपल्या विणायचे. ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी अँटनींना ॲमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात कामाला पाठवलं. पुढे डेल्फ्टला त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. कॉलेजचं शिक्षण नाही, लॅटिन येत नव्हतं. पण भिंगं बनवण्याचा भारी नाद! एकच चिमुकलं भिंग, धातूच्या पट्टीत बसवलेलं. त्यांचं एक सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं.

१६७४ मध्ये त्यांना तळ्याच्या पाण्यात सूक्ष्मजीव दिसले. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्यांनी मिरी पाण्यात भिजवली, आणि १६७६ मध्ये त्या पाण्यात जिवाणू दिसले! लंडनच्या रॉयल सोसायटीला आधी हे पटेना. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः पाहून खात्री केली. १६८० मध्ये हा कापडवाला सोसायटीचा सदस्य झाला.

पण बघण्याची आपली सर्वांत चांगली रीत त्यांनी कुणालाच सांगितली नाही. काही अभ्यासकांचा अंदाज आहे की ती डार्कफील्डसारखी असावी. म्हणजे काय? प्रकाश सरळ भिंगात शिरू द्यायचा नाही, तिरपा सोडायचा. वस्तूला आपटून विखुरलेला प्रकाशच तेवढा भिंगात येतो. मागे काळोख आणि त्यात जीव चमकतात, अगदी कवडशातल्या धुळीसारखे. पारदर्शक जीवसुद्धा न रंगवता, जिवंत दिसतात.

१७२३ मध्ये ते गेले आणि ती रीतही त्यांच्याबरोबर गेली. पुढच्यांना पुन्हा पहिल्यापासून धडपडावं लागलं.

वर्गात करून बघा : ग्लासभर पाण्यात दुधाचे एक-दोन थेंब टाका, मागे काळा कागद धरा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने मारा. पाणी उजळलेलं दिसेल.

आणि हो, तुम्हाला एखादी शिकवण्याची युक्ती सापडली, तर ती शेजारच्या वर्गाच्या बाईंना, गुरुजींनाही जरूर सांगा.