विश्लेषण : कोरियात शीलाचा हिशेब पुरुषांकडेही मागणाऱ्या ना हेसोक कोण होत्या?

दक्षिण कोरियात विवाहबाह्य संबंध हा २०१५पर्यंत फौजदारी गुन्हा होता आणि देहविक्रय आजही आहे. के-पॉप आणि के-ड्रामामुळे जगभर पोहोचलेल्या या देशात लैंगिक नीतिमत्तेवरचा वाद मात्र जुना आहे. त्या वादात एक नाव पुन्हा पुन्हा येते, ते ना हेसोक यांचे. चित्रकार, कथाकार आणि चार मुलांची आई असलेल्या हेसोक यांनी १९३४ मध्ये स्वतःच्या घटस्फोटाची हकीकत मासिकात छापून आणली. शील जपण्याची सक्ती फक्त स्त्रीवरच का, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला. त्याची जबर किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्या आयुष्यावर आणि त्या काळच्या कायद्यांवर एक नजर...

ना हेसोक कोणत्या घरातल्या?

‘ना’ हे आडनाव. कोरियात आडनाव आधी लावतात. हेसोक यांचा जन्म २८ एप्रिल १८९६ रोजी सेऊलच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन येथे झाला. वडील सरकारी अधिकारी होते आणि घर सधन होते. मुलींना शिकवण्याइतके ते पुढारलेले होते, पण वडिलांनी बायकोशिवाय दुसरी बाई ठेवलेली होती. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत यात कोणाला काही वावगे वाटत नसे. एकाच छताखाली आईला एक नियम आणि वडिलांना दुसरा, हे हेसोक यांनी लहानपणापासून पाहिले.

१९१३ मध्ये सेऊलच्या जिनम्योंग मुलींच्या शाळेतून त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. भावाच्या पाठिंब्यामुळे त्यांना टोकियोतील महिला कला विद्यालयात पाश्चात्त्य चित्रकला शिकायला जाता आले. दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, तिथल्या कोरियन विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी आदर्श स्त्री या विषयावर लेख लिहिला. चांगली बायको आणि शहाणी आई होणे हेच मुलीच्या शिक्षणाचे ध्येय, ही समजूत त्यांनी त्यात खोडून काढली. चांगला नवरा आणि शहाणा बाप घडवणारे शिक्षण कुठेच का नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या.

वडिलांनी लग्नासाठी तगादा लावला. तेव्हा हेसोक यांनी मायदेशी परतून शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, फीचे पैसे साठवले आणि पुन्हा टोकियो गाठले. १९१८ मध्ये शिक्षण पूर्ण झाले. याच वर्षी त्यांची ‘ग्योंगहुई’ ही कथा आली. परदेशी शिकलेली मुलगी आणि तिच्या मागे लागलेला लग्नाचा लकडा, हा तिचा विषय. आधुनिक कोरियन साहित्यातील स्त्रीवादी लेखनाची सुरुवात म्हणून आज तिच्याकडे पाहिले जाते.

तेव्हाच्या कोरियात शीलाचा अर्थ काय होता?

जोसोन राजवटीत (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियन नीतिशास्त्राचा पगडा होता. नवऱ्यामागे एकटी राहिलेल्या किंवा शीलासाठी जीव दिलेल्या स्त्रीच्या नावाने राज्यातर्फे स्मृतिद्वार उभारले जाई. पंधराव्या शतकापासून पुनर्विवाह करणाऱ्या विधवेच्या मुलांना सरकारी सेवेच्या परीक्षांचे दार बंद होते. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक १८९४च्या सुधारणांनी दिली. पुरुषांसाठी मात्र रखेल ठेवणे राजमान्य होते. मेजवान्यांत नाचगाणी आणि मनोरंजन करणाऱ्या ‘किसेंग’ स्त्रिया तर सरकारी दप्तरी नोंदलेल्या दासीच असत.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला आणि या दुहेरी न्यायाला नव्या कायद्याचे कोंदण मिळाले. १९१६ मध्ये संपूर्ण कोरियासाठी परवानाधारक वेश्याव्यवसायाचे एकसारखे नियम लागू झाले. ठरवून दिलेली वस्ती, पोलिसांकडे नोंद आणि बायकांची सक्तीची वैद्यकीय तपासणी अशी ही व्यवस्था होती. घरच्यांनी आगाऊ उचल घेऊन मुलीला तिथे धाडायचे आणि ते कर्ज फिटेपर्यंत तिची सुटका नाही, हा सर्रास प्रकार होता. तिथे जाणाऱ्या पुरुषाला कायद्याची भीती नव्हती.

लग्न झालेल्या स्त्रीसाठी कायदा वेगळा होता. जपानच्या दंडसंहितेनुसार पत्नीने परपुरुषाशी संबंध ठेवल्यास नवऱ्याच्या तक्रारीवरून तिला आणि त्या पुरुषाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. नवऱ्याने अविवाहित स्त्रीशी, किसेंगशी किंवा वेश्येशी संबंध ठेवले तर पत्नीला तशी तक्रार करण्याची सोयच नव्हती. हेसोक यांचे पुढचे आयुष्य याच कलमाच्या कात्रीत सापडले.

लग्नासाठी त्यांनी कोणत्या अटी घातल्या?

टोकियोत असताना कवी छ्वे सुंग-गू यांच्याशी त्यांचे प्रेम जुळले होते. छ्वे यांचे लहानपणीच लग्न लावून दिलेले होते. १९१६ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. १९१९ मध्ये जपानी राजवटीविरुद्ध एक मार्चचे आंदोलन पेटले. त्यात सहभागी झाल्याबद्दल हेसोक सुमारे पाच महिने तुरुंगात होत्या.

वकील किम उ-योंग यांनी त्यांना लग्नाची मागणी घातली होती. ते विधुर होते आणि वयाने दहा वर्षांनी मोठे. हेसोक यांनी आधी अटी घातल्या. आयुष्यभर आतासारखेच प्रेम करायचे, चित्रकलेत आडकाठी करायची नाही, सासूपासून आणि पहिल्या पत्नीच्या मुलीपासून वेगळे बिऱ्हाड करायचे आणि दिवंगत प्रियकराच्या कबरीवर शिळा बसवून द्यायची. किम यांनी सगळे मान्य केले. एप्रिल १९२० मध्ये सेऊलच्या जोंगदोंग चर्चमध्ये लग्न झाले. मधुचंद्राच्या प्रवासात हे जोडपे खरोखरच त्या कबरीवर जाऊन आले. तेव्हाच्या सेऊलमध्ये याची चर्चा झाली नसती तरच नवल.

मार्च १९२१ मध्ये पोटात मूल असताना त्यांनी सेऊलमध्ये तैलचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. दोन दिवसांत सुमारे पाच हजार लोकांनी ते पाहिले. त्यानंतर नवऱ्याची नेमणूक मांचुरियातील आंदोंग येथे, म्हणजे आजच्या चीनमधील दांदोंग येथे, जपानी उपवाणिज्यदूत म्हणून झाली. तिथे हेसोक यांनी स्त्रियांसाठी रात्रशाळा चालवली आणि दुसरीकडे कोरियन स्वातंत्र्यसैनिकांना गुपचूप मदतही केली. १९२३ मध्ये त्यांनी आई होण्याच्या अनुभवावर लेख लिहिला. बाळंतपणाच्या वेदना, झोपेची उपासमार आणि आईपणाची माया उपजत नसून ती सहवासाने येते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. त्यावरही टीकेची झोड उठली.

पॅरिसमध्ये काय घडले?

जून १९२७ मध्ये तिन्ही मुलांना सासूकडे सोपवून पती-पत्नी जगाच्या सफरीवर निघाले. सैबेरियातून रेल्वेने ते युरोपात पोहोचले. किम कायद्याच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेले, तर हेसोक चित्रकलेसाठी पॅरिसमध्ये राहिल्या. तिथे त्यांची गाठ छ्वे रिन यांच्याशी पडली. चोन्दोग्यो पंथाचे हे बडे नेते १९१९च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ३३ जणांपैकी एक होते. दोघांचे संबंध जुळले.

अमेरिकामार्गे मार्च १९२९ मध्ये कुटुंब कोरियात परतले आणि त्याच वर्षी चौथे मूल झाले. किम यांचे उत्पन्न आटले होते. आर्थिक अडचणीत असलेल्या हेसोक यांनी छ्वे रिन यांना मदतीसाठी पत्र लिहिले. त्याचा बोभाटा झाला आणि गोष्ट किम यांच्या कानावर गेली. त्यांनी घटस्फोट मागितला आणि नकार दिल्यास व्यभिचाराचा खटला भरण्याची धमकी दिली. मुलांसाठी हेसोक यांनी विनवण्या केल्या. शेवटी दोन वर्षे दोघांनीही दुसरे लग्न करायचे नाही, असा लेखी करार करून त्यांनी १९३० मध्ये सही केली. किम यांनी तो करार लवकरच मोडला. मुले नवऱ्याकडेच राहिली आणि हेसोक यांना ती भेटेनाशी झाली.

१९३४च्या लेखात नेमके काय होते?

घटस्फोटानंतरही त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. १९३१च्या जोसोन कला प्रदर्शनात त्यांच्या ‘बाग’ या चित्राला विशेष पारितोषिक मिळाले. १९३३ मध्ये त्यांनी सेऊलमध्ये मुलींसाठी चित्रकलेचे वर्ग सुरू केले. पण बदनाम बाईकडे मुली पाठवायला पालक धजावेनात.

ऑगस्ट आणि सप्टेंबर १९३४ मध्ये ‘सामचोल्ली’ या मासिकात त्यांचा दोन भागांतील लेख आला. लग्न ते घटस्फोट असा सगळा प्रवास त्यात होता. छ्वे यांच्याशी असलेला संबंध त्यांनी नाकारला नाही. पण त्याच लेखात कोरियन पुरुषांना त्यांनी धारेवर धरले. पुरुष स्वतः शील पाळत नाहीत, बायकोकडून मात्र त्याची अपेक्षा धरतात आणि त्याच वेळी दुसऱ्या स्त्रीचे शील घ्यायला टपलेले असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी छ्वे रिन यांच्यावर १२ हजार वॉनच्या भरपाईचा दावा लावला. त्यांनी आपल्या शीलाचा भंग केला आणि पुढची जबाबदारी मात्र टाळली, असा आरोप होता. वृत्तपत्रांत बातमी झळकली. प्रकरण न्यायालयाबाहेर पैसे देऊन मिटवण्यात आले.

पुढच्या वर्षी त्या आणखी पुढे गेल्या. शील हा धर्माचा वा कायद्याचा विषय नसून ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीचा भाग आहे, अशी मांडणी त्यांनी केली. एकट्या स्त्रीच्या शीलाबद्दल लिहिताना तर, पुरुषांसाठी परवानाधारक वेश्यावस्ती असेल तर स्त्रियांसाठीही परवानाधारक पुरुष का नकोत, इथवर त्या गेल्या. पुरुषाच्या वासनेची सोय सरकार करते आणि स्त्रीला वासनाच नाही असे धरून चालते, हा ढोंगीपणा त्यांनी उघडा पाडला. मात्र उचल घेऊन त्या वस्त्यांत विकल्या गेलेल्या गरीब मुलींचा प्रश्न या मांडणीत मागेच राहिला. सुशिक्षित, वरच्या वर्गातील स्त्रीच्या नजरेची ही मर्यादा होती.

किंमत कोणी मोजली?

ऑक्टोबर १९३५ मध्ये त्यांनी सुमारे २०० छोट्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्याकडे कोणी फिरकले नाही. नातेवाइकांनी पाठ फिरवली. शिकलेल्या स्त्रियांनीही त्यांची बाजू घेणे टाळले, कारण एका बाईच्या वागण्यावरून सगळ्याच शिकलेल्या मुलींना नावे ठेवली जात होती. १९३७च्या सुमारास त्या सुदोकसा या बौद्ध मठाजवळच्या खानावळवजा निवासात राहायला गेल्या. त्यांची जुनी मैत्रीण, लेखिका किम इल-योप तिथे भिक्षुणी झाली होती. हेसोक यांनाही दीक्षा हवी होती, पण मठातील गुरूंनी ती दिली नाही. शरीराला कंप सुटला, हात चालेना आणि चित्रे थांबली. पुढे त्या वृद्धाश्रमात राहिल्या.

छ्वे रिन यांना १९३४ मध्येच जपानी गव्हर्नर जनरलच्या सल्लागार मंडळावर घेण्यात आले होते. नंतर ते सरकारी वृत्तपत्राचे अध्यक्षही झाले. खटल्याने त्यांच्या कारकिर्दीला खीळ बसली नाही. किम उ-योंग यांनी दुसरे लग्न करून संसार थाटला.

हेसोक यांचे १० डिसेंबर १९४८ रोजी सेऊलच्या एका सरकारी रुग्णालयात निधन झाले. त्यांना ओळखणारे कोणी तिथे नव्हते. मार्च १९४९च्या सरकारी राजपत्रात वारस नसलेली मृत व्यक्ती म्हणून त्यांची नोंद निघाली. त्यांची कबर कुठे आहे, हे आजही माहीत नाही. विशेष म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा किम गॉन पुढे बँक ऑफ कोरियाचा गव्हर्नर झाला.

त्यानंतर कायदा किती बदलला?

त्यांच्या निधनाच्या वर्षीच, फेब्रुवारी १९४८ मध्ये, परवानाधारक वेश्याव्यवसाय बंद करणारा कायदा अमलात आला. धंदा मात्र थांबला नाही. अमेरिकी लष्करी तळांभोवती नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्या चालवण्यात सरकारचाही हात होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य करून तिथल्या स्त्रियांना भरपाई मंजूर केली.

१९५३च्या दंडसंहितेने व्यभिचाराचा गुन्हा नवरा आणि बायको दोघांनाही लागू केला. हेसोक यांची एक मागणी अशी पूर्ण झाली, पण उलट्या बाजूने. पुरुषाची मोकळीक स्त्रीला मिळण्याऐवजी स्त्रीची शिक्षा पुरुषालाही मिळाली. घटनात्मक न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते कलम रद्द केले. खासगी आयुष्यात दंडुका घेऊन शिरणे हे सरकारचे काम नाही, असा निकालाचा रोख होता.

देहविक्रयाबाबत निकाल वेगळा लागला. गुनसान शहरातील वस्त्यांमध्ये २००० आणि २००२ साली लागलेल्या आगींत कोंडून ठेवलेल्या तरुणी मरण पावल्या. त्यानंतर २००४ मध्ये कडक कायदा आला. बळजबरीने या धंद्यात ओढलेल्या स्त्रियांना त्यात पीडित मानले जाते, पण स्वेच्छेने देहविक्रय करणारी व्यक्ती आणि ग्राहक दोघांनाही शिक्षा आहे. हा कायदा २०१६ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवला. विकणाऱ्या स्त्रीलाही गुन्हेगार ठरवावे का, यावर कोरियातील स्त्री संघटनांमध्येही आजवर एकमत झालेले नाही.

आज हेसोक यांच्याकडे कसे पाहिले जाते?

अनेक दशके पालक आपल्या मुलींना धाक घालण्यासाठी त्यांचे उदाहरण देत. १९९०च्या दशकात स्त्री अभ्यासकांनी त्यांचे लेखन पुन्हा वाचायला घेतले आणि चित्र पालटले. दक्षिण कोरियाच्या संस्कृती मंत्रालयाने फेब्रुवारी २०००साठी महिन्याची सांस्कृतिक व्यक्ती म्हणून त्यांची निवड केली. २८ एप्रिल २०१९ रोजी गुगलने त्यांच्यावर डूडल केले. सुवॉनमध्ये एका रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि तिथे त्यांचा पुतळाही आहे. संध्याकाळी हा रस्ता खाण्यापिण्यासाठी आलेल्या तरुणांनी गजबजलेला असतो.