स्वान्ते अऱ्हेनियस

लिंबू आंबट लागते, चिंच आंबट लागते, दहीही आंबट लागते. या सर्व पदार्थांत आम्ल असते. आम्लाच्या द्रावणात निळा लिटमस कागद बुडविला, तर तो तांबडा होतो. चुन्याच्या निवळीचा गुण याच्या उलट आहे. ती बोटांना बुळबुळीत लागते आणि तांबडा लिटमस कागद तिच्यात बुडविताच निळा होतो. अशा पदार्थांना आम्लारी म्हणतात. आम्ल व आम्लारी योग्य प्रमाणात एकत्र केली, की दोहोंचेही गुण लोपतात आणि क्षार व पाणी तयार होते. हे गुणधर्म रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु निरनिराळी आम्ले एकसारखीच का वागतात, याचा उलगडा होत नव्हता. तो करण्याचे श्रेय स्वीडन देशातील एका तरुण संशोधकाकडे जाते. त्याचे नाव स्वान्ते अऱ्हेनियस.

स्वान्तेचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळ विक येथे झाला. त्याचे वडील जमीन-मोजणीचे काम करीत. मुलगा लहानपणापासूनच कुशाग्र बुद्धीचा होता. वयाच्या तिसऱ्या वर्षी तो आपणहून वाचावयास शिकला. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहता पाहता त्याला अंकगणिताची गोडी लागली. आठव्या वर्षी शाळेत त्याला एकदम पाचव्या इयत्तेत प्रवेश मिळाला. १८७६ साली तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला. परंतु तेथे त्याला मनाजोगे मार्गदर्शन मिळेना. म्हणून १८८१ साली तो स्टॉकहोमला गेला आणि एडलुंड या पदार्थवैज्ञानिकांच्या हाताखाली काम करू लागला.

तेथे त्याने एक जुने कोडे हाती घेतले. कोरड्या मिठातून विजेचा प्रवाह जात नाही. शुद्ध पाण्यातूनही तो जवळजवळ जात नाही. मात्र तेच मीठ पाण्यात विरघळविले, की त्या द्रावणातून वीज सहज वाहू लागते. असे का व्हावे? आम्ले, आम्लारी व क्षार यांची द्रावणे करावीत, त्यांत अधिकाधिक पाणी घालावे आणि प्रत्येक वेळी विजेचे वहन मोजावे, असे काम त्याने चिकाटीने चालविले. हे पदार्थ पाण्यात विरघळले, की त्यांच्या रेणूंचे विद्युत्‌भार असलेले भाग होतात, काहींवर धन भार असतो, तर काहींवर ऋण, असे त्याला हळूहळू दिसू लागले. अशा कणांना आयन म्हणतात. वीज सोडल्यामुळे आयन निर्माण होतात, असा त्या काळी समज होता. विजेचा स्पर्शही होण्यापूर्वी ते द्रावणात हजर असतात, या निष्कर्षाप्रत अऱ्हेनियस आले.

१८८४ साली त्यांनी आपला प्रबंध उप्साला विद्यापीठाला सादर केला. तेथील अध्यापकांना ही कल्पना पटली नाही. प्रबंध नाकारला गेला नाही एवढेच. परंतु त्याला इतकी खालची श्रेणी मिळाली, की तिच्या बळावर अध्यापकाची जागा मिळण्याची आशा उरली नाही. या नव्या विचारावर पुढे अनेक रसायनशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. सोडियम पाण्यात पडताच पेट घेतो, क्लोरीन हा तर विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोन्ही सुटे असतील, तर ते पाणी आपण कसे पिऊ शकतो, असे ते विचारीत. सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन यांत मोठा भेद आहे, हे त्याचे उत्तर होते. विद्युत्‌भार आला, की कणाचे गुण पार पालटतात.

अऱ्हेनियस यांनी धीर सोडला नाही. त्यांनी आपला प्रबंध परदेशांतील विद्वानांकडे पाठविला. त्यांपैकी रीगा येथील ऑस्टवाल्ड हे कोणते आम्ल किती वेगाने रासायनिक क्रिया घडविते, याचे मोजमाप करीत होते. त्यांनी दोघांचे आकडे ताडून पाहिले. जे आम्ल वीज अधिक वाहते, तेच क्रियाही अधिक वेगाने घडविते, असे आढळले. ऑस्टवाल्ड स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी या तरुणाला आपल्याकडे काम देऊ केले. वडील अत्यवस्थ असल्यामुळे अऱ्हेनियस यांनी मायदेश सोडला नाही. परंतु या भेटीने वारे फिरले. त्याच वर्षाच्या अखेरीस उप्साला विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले.

पुढे युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांसमवेत काम करून त्यांनी १८८७ साली आपला सिद्धांत पूर्णपणे मांडला. पाण्यात हायड्रोजनचे धन आयन देते ते आम्ल. हायड्रॉक्सिल या गटाचे ऋण आयन देते ती आम्लारी. सर्व आम्लांत हायड्रोजनचे आयन समान असतात, म्हणून त्यांचे गुणही समान असतात. हे दोन आयन एकत्र आले, की पाणी होते आणि दोघांचाही प्रभाव संपतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सर्व रेणू पाण्यात विलग होतात, म्हणून ते तीव्र असते. शिरक्यातील आम्लाच्या शंभर रेणूंमागे एकही पुरता विलग होत नाही, म्हणून ते सौम्य असते.

१९०३ साली अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणितही त्यांनी १८९६ साली मांडले होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची व्याख्या सर्वत्र पुरी पडत नाही. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट नाही, तरी तो आम्लारीसारखा वागतो. म्हणून १९२३ साली ब्रॉन्स्टेड व लाउरी यांनी अधिक व्यापक व्याख्या दिल्या. परंतु पाण्यातील द्रावणांचा विचार करताना विद्यार्थी आजही प्रथम अऱ्हेनियस यांचीच व्याख्या शिकतात. ज्या प्रबंधाला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली, त्यातूनच ही व्याख्या उदयास आली. मोठ्यांच्या मताचा आदर अवश्य करावा. पण शास्त्रात शेवटचा निवाडा प्रयोगच करतो.