धर्मानंद कोसंबी: परक्या देशात मिळालेले घर

यवतमाळहून वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम फार लांब नाही. धर्मानंद कोसंबींनी ४ जून १९४७ रोजी तिथेच देह ठेवला. सेवाग्राम म्हटले की आम्हाला गांधीजी आठवतात, कोसंबी क्वचितच.

त्यांचा जन्म १८७६ चा, पोर्तुगीज गोव्यातल्या सांखवळचा. ‘बालबोध’ मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि ध्यास लागला. १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. त्या ध्यासाची किंमत बाळाबाईंनीही मोजली, हे आपण विसरू नये.

पुणे, काशी, नेपाळ असे ते हिंडले. पण बुद्धाच्या भूमीत धम्म शिकायची सोय सापडली नाही. अखेर १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपाला पोहोचले. भाषा परकी, ओळखीचे कुणी नाही. तरी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांनी त्यांना श्रामणेर करून घेतले. गोव्याच्या या माणसाला संघाने आपले मानले. पुढे ब्रह्मदेशातही ते राहिले. अमेरिकेत हार्वर्डला आणि रशियात लेनिनग्राडलाही पालीच्या कामासाठी गेले.

बाहेर मिळालेला आसरा त्यांनी इथे परत आणला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ उभा राहिला.

आज आपल्या जिल्ह्यातली मुलेमुली शिक्षणासाठी, पोटासाठी दूर जातात. त्यांना तिथे कुणीतरी आपले म्हणावे असे आपल्याला वाटते. मग आपल्या गावातल्या विहाराचे दार परगावच्या माणसासाठी उघडे आहे का?