रविवारच्या सुट्टीपलीकडचे नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी कोणामुळे मिळाली, या पोस्टमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव हमखास दिसतं. पण त्यांचं काम एका सुट्टीपुरतं नव्हतं. कामगार कायद्यातून कोण सुटलं, हे ते सरकारला दाखवत राहिले.

१८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे रेल्वे आणि पोस्टातल्या नोकरीनंतर मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल तिथे त्यांनी जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे हे सत्यशोधक सहकारी १८८० पासून मुंबईतून 'दीनबंधु' चालवू लागले.

पुढच्याच वर्षी पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट आला. त्यात काय होतं?

• ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी
• ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ९ तास काम, महिन्याला ४ सुट्ट्या
• १०० पेक्षा कमी कामगारांचे कारखाने कायद्याबाहेर
• मोठ्या स्त्री-पुरुषांच्या तासांवर मर्यादाच नाही

१८८४ मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं. लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरावीक तास, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार.

२४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे १० हजार कामगार जमले. दोन महिला कामगारांनीही भाषणं केली. १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सक्तीची केली, महिलांसाठी ११ तासांची मर्यादा घातली आणि ५० कामगारांचे कारखानेही कायद्यात आणले.

बाकीच्या मागण्यांचं काय?

कापड गिरण्यांतल्या पुरुषांना तासांची मर्यादा १९११ मध्ये मिळाली. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला, तर वेळेवर पगाराचा १९३६ मध्ये. म्हणजे निवेदनानंतर तब्बल ५२ वर्षांनी!

हे पाहायला लोखंडे नव्हते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले.

आज नवा कामगार कायदा आला, तरी त्यांच्या निवेदनातून निघणारे प्रश्न विचारता येतात. तो किती जणांना लागू होतो? कोण बाहेर राहतं? आणि जखमी झालेल्याच्या हातात पैसे कधी पडतात?