विश्लेषण : पृथ्वी सपाट असती तर चंद्रग्रहण दिसले असते का? साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी दिलेले उत्तर

ताथवड्यातील वीस मजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहून चाकणच्या दिशेने पाहिले, तर पृथ्वी सपाटच दिसते. मोबाइलवर फिरणारे ‘सपाट पृथ्वी’चे व्हिडीओ याच अनुभवाचा आधार घेतात. डोळ्यांना दिसते तेच खरे, असा त्यांचा दावा असतो. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी तो गणिताच्या आणि निरीक्षणाच्या जोरावर लढवला होता.

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. आपले गाव विज्जडविड सह्याद्रीजवळ असल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. ‘लीलावती’ सर्वांना ठाऊक असते. पृथ्वीच्या आकाराचा वाद मात्र गोलाध्यायात आहे.

सपाट दिसते, मग गोल कशी?

भास्कराचार्यांचे उत्तर सोपे होते. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला, तर तो सरळ रेषेसारखाच दिसतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून ती सपाट भासते. आजच्या आकड्यांत पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. ६० मीटर उंच गच्चीवरून क्षितिज जेमतेम २८ किलोमीटरवर असते. एवढ्याशा तुकड्यात वक्रता डोळ्यांना कशी जाणवणार?

सूर्य मेरू पर्वताआड जातो म्हणून रात्र होते, अशी तेव्हा पौराणिक समजूत होती. मग मध्ये आलेला तो पर्वत दिसत का नाही, आणि मेरू उत्तरेला असेल तर सूर्य वर्षातले सहा महिने दक्षिणेकडे का उगवतो, असा त्यांचा प्रतिवाद होता. पृथ्वीला खालून कोणाचा तरी आधार आहे, हे मतही त्यांनी खोडून काढले. आधाराला पुन्हा आधार लागेल आणि ही साखळी संपणारच नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

पृथ्वी मोजली कशी?

उत्तरेकडे जावे तसा ध्रुवतारा वर चढतो. ताथवड्यात तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर, तर दिल्लीत साडेअठ्ठावीस अंशांवर दिसतो. जमीन सपाट असती तर या अंतरात तो असा नेमका दहा अंश चढला नसता. या दोन ठिकाणांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,११० किलोमीटर आहे. दहा अंशांना एवढे, तर ३६० अंशांना किती? उत्तर येते जवळपास ४०,००० किलोमीटर.

भास्कराचार्यांनी हेच त्रैराशिक वापरले. उज्जैन विषुववृत्तापासून साडेबावीस अंशांवर, म्हणजे परिघाच्या सोळाव्या हिश्शाइतके दूर, असे त्यांनी धरले. प्रत्यक्षात ते सुमारे २३.२ अंशांवर आहे. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४,९६७ योजने आणि व्यास सुमारे १,५८१ योजने दिला. भागाकार करून पाहिला तर ३.१४ मिळतात.

चंद्रग्रहण काय सांगते?

चंद्र आणि सूर्य या दोघांना एकच राहू गिळतो, अशी समजूत होती. भास्कराचार्यांनी दोन्ही ग्रहणांची तुलना केली. चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेपासून सुरू होते, सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेकडच्या. अर्धवट झाकलेल्या चंद्राची टोके बोथट असतात आणि ग्रहण बराच वेळ चालते. सूर्याची टोके मात्र तीक्ष्ण दिसतात आणि ग्रहण लवकर सुटते. म्हणजे झाकणाऱ्या वस्तू दोन वेगळ्या आहेत. चंद्राला झाकणारी मोठी, ती पृथ्वीची सावली. सूर्याला झाकणारा लहान, तो स्वतः चंद्र.

आजच्या मोजमापानुसार चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची सावली चंद्राच्या सुमारे अडीच ते पावणेतीन पट रुंद असते. तिची कड प्रत्येक ग्रहणात गोलच दिसते. थाळीची सावली कोनानुसार लांबट होते, चेंडूची कुठूनही गोलच पडते. शिवाय सूर्य आणि चंद्र दोघेही सपाट जमिनीच्या वर फिरत असते, तर जमिनीची सावली चंद्रावर पडलीच नसती.

मग त्यांचे सगळेच बरोबर होते का?

नाही. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे, असे ते मानत. त्यांच्या सहाशेहून अधिक वर्षे आधी आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. राहूलाही त्यांनी पुरते नाकारले नाही. राहू त्या सावलीत शिरतो, असे म्हणत शास्त्र आणि पुराण यांचा मेळ घातला. पण ग्रहणाचे गणित सावलीवरच केले. ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये लिहिलेल्या ‘करणकुतूहल’मध्येही ग्रहणाची गणिते आहेत.

त्यांच्यानंतर काय झाले?

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित झाला, तर नातू चंगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चंगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने त्या मठाला दान दिले. तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

दानाचा दिवस होता ९ ऑगस्ट १२०७, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण. ग्रहणात दान करण्याची रूढी पाळली गेली, पण ते दान गेले ग्रहण म्हणजे सावली हे शिकवणाऱ्या शाळेला.

ही सावली स्वतः तपासण्याची एक संधी ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री येणार आहे. सव्वादहाच्या सुमारास भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल आणि ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित असते. नववर्षाच्या पार्टीसाठी गच्चीवर जाणाऱ्यांनी चंद्र झाकला जाताना सावलीची कड तेवढी पाहावी.